‘करणे’ पासून ‘करवेना’ पर्यंत : क्रियापदाच्या प्रत्ययांविषयी थोडेसे

(तृतीय वर्ष कला, मराठी)

व्याकरणाचा तास म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कोष्टके उभी राहतात. ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात. मग प्रयोजक क्रियापद, शक्य क्रियापद, अकर्तृक क्रियापद. प्रत्येकाची व्याख्या, प्रत्येकाची दोन उदाहरणे, आणि परीक्षेत पाच गुण. हे प्रत्यय आपण एकेकटे शिकतो. परंतु बोलताना ते एकेकटे येत नाहीत. एकामागून एक, रांगेने येतात. एका प्रत्ययापाठोपाठ दुसरा आला म्हणजे अर्थाचे काय होते, रांग बदलली तर अर्थ बदलतो काय, आणि कोणता प्रत्यय कोणाच्या पुढे उभा राहू शकत नाही, हे प्रश्न कोष्टकात बसत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा, आपल्या परिचयाच्या वाक्यांच्या आधारे, थोडा विचार करावयाचा आहे. विषय रुक्ष वाटेल, पण वाचकांनी थोडा धीर धरावा. या प्रत्ययांत माणसे लपलेली असतात, असे मला हळूहळू दिसू लागले, आणि तेच या लेखाचे निमित्त आहे.

१. दूरची एक भाषा

उत्तर ध्रुवाजवळ ग्रीनलंड नावाचे बर्फाच्छादित बेट आहे. तेथील लोकांची भाषा आपल्या कोणत्याही भाषेशी नात्याची नाही. २००९ पासून ती त्या देशाची एकमेव राजभाषा आहे. तिचे पहिले मोठे शास्त्रीय व्याकरण साम्युएल क्लाइनश्मिट याने लिहिले व ते १८५१ साली प्रसिद्ध झाले. हा गृहस्थ मिशनऱ्याचा मुलगा, जन्म १८१४ सालचा आणि तोही ग्रीनलंडमधलाच. त्यामुळे ही भाषा त्याच्या कानावर लहानपणापासून होती.

या भाषेची मौज अशी की आपण जे एका वाक्यात सांगतो, ते ती पुष्कळदा एका शब्दात सांगते. ‘नेरिवोक’ म्हणजे ‘तो खातो’. ‘सिन्ना’ हा प्रत्यय शक्यता दाखवितो. तो मध्ये घातला की ‘नेरिसिन्नावोक’, म्हणजे ‘तो खाऊ शकतो’. त्यापुढे नकाराचा प्रत्यय आला की ‘नेरिसिन्नाङ्ङिलाक’, ‘तो खाऊ शकत नाही’. तसेच ‘इल्लु’ म्हणजे घर. त्याला ‘तयार करणे’ या अर्थाचा प्रत्यय लावून ‘इल्लुलिओर्पोक’, ‘तो घर बांधतो’. आणि त्यातच प्रयोजकाचा प्रत्यय घातला की ‘इल्लुलिओर्तिप्पा’, ‘तो त्याच्याकडून घर बांधवितो’. घर, बांधणे, बांधविणारा आणि बांधणारा, सर्व एका शब्दात!

असे प्रत्यय त्या भाषेत चारशेच्या वर आहेत असे अभ्यासक सांगतात. ते धातूच्या आधी नव्हे, नंतर जोडले जातात, आणि त्यांचा साधारण नियम असा की उजवीकडचा प्रत्यय आपल्या डावीकडच्या सगळ्या मजकुराला कवेत घेतो. आधी ‘खा’, मग ‘खाणे’ या क्रियेला शक्यता, मग ‘खाऊ शकणे’ या सगळ्याला नकार. कांद्याचे पापुद्रे जसे आतून बाहेर वाढत जातात तसे.

हे वाचून आपल्याला वाटते, काय विलक्षण भाषा! पण आपले बोलणे आपल्याला इतके सवयीचे झालेले असते की त्यातील विलक्षणपणा दिसत नाही. म्हणून आता घराकडे वळू.

२. नाशिकचे लेणे आणि ‘करवियलें’

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत आपण सहलीला जातो. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. संस्कृत आणि प्राकृत यांचे मिश्रण असलेल्या या लेखात, गोवर्धन येथील त्रिरश्मी पर्वतावर हे लेणे व या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, झाल्याचे सांगताना क्रियापद आले आहे ‘कारितं’. ‘कृतं’ नव्हे, ‘कारितं’. ‘कृतं’ म्हणजे केले; ‘कारितं’ म्हणजे करविले. एवढासा फरक, पण तो प्रामाणिक आहे. उषवदाताने हातात छिन्नी धरलेली नव्हती. छिन्नी धरणारे दुसरेच कोणी होते. त्यांची नावे त्या लेखात नाहीत, परंतु ते होते एवढी साक्ष त्या क्रियापदाने ठेवली आहे.

पुढे कित्येक शतकांनी, कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे, गोमटेश्वराच्या पायथ्याशी मराठीत दोन ओळी कोरल्या गेल्या. आद्य मराठी वाक्य म्हणून आपण त्या शाळेत पाठ करतो. पहिल्या ओळीत चामुंडरायाने मूर्ती करविल्याचे आणि दुसरीत गंगराजाने भोवतालचे आवार करविल्याचे सांगितले आहे. पहिल्या ओळीसाठी शके ९०५ ही साल पूर्वी सर्रास दिली जाई. पुढे या दोन्ही ओळी गंगराजाच्या काळातल्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या असाव्यात, असे मत अभ्यासकांनी मांडले. शके ९३४ चा, अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेख त्याहून जुना ठरतो, तो यामुळेच. पण आपला विषय कालनिर्णयाचा नाही. आपला विषय त्या दोन्ही ओळींत आलेल्या एका क्रियापदाचा आहे : ‘करवियलें’.

या शब्दाचे तुकडे करून पाहू. ‘कर’ हा धातू. त्यापुढे ‘अवि’ हा प्रयोजक प्रत्यय. त्यापुढे भूतकाळ दाखविणारा लकारयुक्त प्रत्यय. आणि शेवटी नपुंसकलिंगी एकवचनाचा ‘एं’. आपण ज्यांना मराठीची पहिली वाक्ये म्हणून मिरवितो, त्यांचे क्रियापद साधे नाही; चार भागांची ती एक रांग आहे. आणि त्या रांगेत दुसऱ्या जागी उभा आहे प्रयोजक प्रत्यय, म्हणजे ‘करणारा वेगळा, करविणारा वेगळा’ असे सांगणारा.

या ‘अव’ची वंशावळ थोडक्यात सांगता येते. संस्कृतात आकारान्त धातूंना प्रयोजक करताना मध्ये ‘प’ येई : स्थापयति, दापयति, स्नापयति. हा ‘प’ प्राकृतांत इतर धातूंनाही लागू लागला, पुढे त्याचा ‘व’ झाला, आणि तोच आपल्या ‘करविणे’, ‘बसविणे’, ‘हसविणे’ यांत आजही आहे.

३. एक प्रत्यय, एक माणूस

प्रयोजकाचे काम काय? व्याकरणात सांगतात की मूळ कर्ता ती क्रिया स्वतः न करता दुसऱ्याकडून करवितो. मला ते असे मांडणे सोपे वाटते : प्रयोजक प्रत्यय वाक्यात एक माणूस वाढवितो.

फांदी तुटली.
माळ्याने फांदी तोडली.
मालकाने माळ्याकडून फांदी तोडविली.

पहिल्या वाक्यात फक्त फांदी आहे. दुसऱ्यात धातूचा स्वर बदलला (तुट-तोड, तसेच पड-पाड, मर-मार, सुट-सोड, गळ-गाळ) आणि माळी आला. तिसऱ्यात ‘वि’ आला आणि त्याच्याबरोबर मालक आला. मालक आल्याबरोबर माळ्याची विभक्तीही बदलली. तो ‘माळ्याने’ होता, आता ‘माळ्याकडून’ झाला. म्हणजे माणूस वाढला तसा पहिल्या माणसाचा वाक्यातला दर्जा उतरला.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. सर्वच धातूंत हा दुसरा माणूस ‘कडून’ घेत नाही. ‘आईने मुलाला जेवविले’, ‘त्याने आम्हाला गाणे ऐकविले’, ‘बाईंनी मुलींना गणित शिकविले’, येथे ‘ला’ येतो. ज्या क्रियेचे फळ करणाऱ्याच्याच अंगी लागते, जसे जेवणे, ऐकणे, शिकणे, तेथे ‘ला’. आणि ज्या क्रियेचे फळ करविणाऱ्याच्या पदरात पडते, जसे बांधणे, तोडणे, खणणे, तेथे ‘कडून’. असा ढोबळ नियम निघतो. मुलगा जेवला तर पोट मुलाचे भरते. गवंड्याने भिंत बांधली तर भिंत मालकाची होते. हा फरक कोणी ठरवून केलेला नाही. भाषेने तो आपसूक केला आहे.

पण बोलीभाषा नेहमीच एवढी काटेकोर राहत नाही. आमच्याकडे, दिंडोरी-निफाडच्या बाजूला, ऑक्टोबर छाटणी झाली की बागाईतदार म्हणतो, ‘मी परवाच बाग छाटली.’ कात्री त्याने धरली असेल किंवा नसेलही. पुष्कळदा ती मजुरांच्या टोळीने धरलेली असते. तसेच आपण म्हणतो, ‘मी केस कापले’, ‘आम्ही घर बांधले’, ‘सरदार रंगराव ओढेकरांनी काळारामाचे मंदिर बांधले’. जुन्या लेखनात येथे ‘बांधविले’ सापडते; आज ‘बांधले’ पुरेसे वाटते. प्रत्यय गळाला, आणि त्याच्याबरोबर पाथरवटही गळाले. उषवदाताच्या लेखातली ती अक्षराएवढी साक्षसुद्धा उरली नाही.

याच्या उलटही होते. ‘वडिलांनी मला शिकविले’ हे वाक्य पाहा. शिकणे, त्यावर ‘वि’ लावून शिकविणे. प्रत्यय एकच, म्हणून माणसे दोन : शिकणारा आणि शिकविणारा. पण माझ्या वडिलांना लिहिता-वाचता येत नाही. दुसऱ्याच्या बागेत मजुरी करून त्यांनी मला शाळेत आणि पुढे महाविद्यालयात पाठविले. माझ्या बाबतीत या वाक्यात माणसे तीन आहेत : शिकणारा मी, शिकविणारे शिक्षक, आणि शिकणे व शिकविणे या दोहोंची सोय करणारे वडील. नियमाप्रमाणे येथे दुसरा ‘व’ लागायला हवा. तो आपण लावीत नाही, तरी ऐकणाऱ्याला अर्थ बरोबर कळतो. प्रत्ययाची जागा रिकामी आहे. माणूस मात्र तेथे उभा आहे.

४. घेणे, लावणे, देणे

आजच्या मराठीत ‘करविणे’ हे रूप एकटे फारसे येत नाही. त्याच्या जोडीला दुसरी क्रियापदे येतात आणि ती अर्थाला वेगवेगळे वळण देतात.

तिच्याकडून सही करवून घेतली.
तिला सही करायला लावली.
तिला सही करू दिली.

तिन्हींत सही करणारी तीच आहे आणि दुसरे कोणीतरी त्यात गुंतलेले आहे. पण ‘घेणे’ सांगते की लाभ करविणाऱ्याचा. ‘लावणे’ सांगते की तिची इच्छा नव्हती. ‘देणे’ सांगते की इच्छा तिची होती आणि दुसऱ्याने आडकाठी केली नाही. ग्रीनलंडच्या भाषेत करायला लावणे आणि करू देणे या दोन्ही अर्थांसाठी एकच प्रत्यय चालतो. कोणता अर्थ घ्यायचा ते प्रसंगावरून ठरते. मराठीने हे दोन अर्थ वेगळे ठेवले आहेत. ही आपली श्रीमंती आहे.

ही श्रीमंती वापरली नाही तर काय होते, ते आमच्या गावातल्या एका वृद्ध बाईंच्या बाबतीत मी पाहिले. जमिनीच्या कागदाविषयी त्या तोंडी हकीकत सांगत होत्या. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडून अंगठा करवून घेतला.’ लिहून घेणाऱ्याने लिहिले, ‘सदर कागदावर अंगठा केला.’ त्याच्या दृष्टीने त्याने वाक्य नीटनेटके केले होते. त्याने खोटे एक अक्षर लिहिले नाही. फक्त एक प्रत्यय आणि एक सहायक क्रियापद वगळले. पण त्याबरोबर समोर बसलेला दुसरा माणूस कागदावरून नाहीसा झाला, आणि सारी जबाबदारी बाईंच्या अंगठ्यावर येऊन पडली.

हीच गोष्ट इतिहासाच्या वाक्यांनाही लागू आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. ‘सत्याग्रहींनी मंदिरात प्रवेश केला नाही’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. ‘सत्याग्रहींना मंदिरात प्रवेश करू दिला नाही’ हेही शुद्ध आहे. पहिल्यात नकार ‘करणे’ला लागतो; दुसऱ्यात तो ‘देणे’ला लागतो. पहिले वाचून वाटते की ते गेले नाहीत, एवढेच. दुसरे वाचले की दार बंद करणारा दिसू लागतो. इतिहास लिहिणाऱ्याने कोणते वाक्य लिहावे हे सांगण्याची गरज नाही.

५. ‘चालवत नाही’ आणि ‘चालवीत नाही’

आता शक्य क्रियापदाकडे येऊ. ‘आजीला चालवत नाही’, ‘मला जेववत नाही’, ‘त्याच्याने ते पाहवत नाही’. येथेही प्रत्यय ‘अव’च आहे, पण अर्थ ‘करविणे’ नाही. कर्ता ‘ला’ किंवा ‘च्याने’ घेतो आणि अर्थ होतो अंगात किंवा मनात तेवढे बळ नसणे. ही रूपे विशेषेकरून नकारात आणि प्रश्नात येतात.

हे रूप ‘शकत नाही’चा नुसता पर्याय नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला ‘चालता येत नाही’. त्याला ‘चालवत नाही’ असे आपण म्हणणार नाही, कारण ते अजून शिकलेलेच नाही. आजीला चालण्याची कला अवगत आहे, पण गुडघे साथ देत नाहीत; म्हणून तिला ‘चालवत नाही’. तसेच ‘मला दिसत नाही’ हा डोळ्यांचा दोष. ‘मला बघवत नाही’ हा काळजाचा. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘ऐकवत नाही’ यांतही तेच अंतर आहे. एका अक्षराच्या प्रत्ययाने इंद्रियांकडून अंतःकरणाकडे अर्थ नेला, असे अन्य भाषांत किती ठिकाणी सापडेल?

पण मग घोटाळा होत नाही का? ‘बाबा गाडी चालवत नाहीत’ आणि ‘बाबांना चालवत नाही’, दोन्हींत ‘चालवत’. पहिले प्रयोजक, दुसरे शक्य. आज आपण भेद ओळखतो तो क्रियापदावरून नव्हे, तर भोवतालच्या विभक्तींवरून. ‘बाबा’ प्रथमेत आणि पुढे ‘गाडी’ हे कर्म, म्हणजे प्रयोजक. ‘बाबांना’ आणि कर्म नाही, म्हणजे शक्य.

जुन्या छापील पुस्तकांत मात्र हा भेद क्रियापदातच दिसतो. प्रयोजकात ‘चालविणे, चालवितो, चालवीत नाही’. शक्यात ‘चालवते, चालवत नाही’. प्रयोजकाचा तो इकार हीच त्याची खूण होती. आज ‘चालवणे, चालवतो, चालवत नाही’ असे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. तो उच्चाराला जवळचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे एक खूण पुसली गेली, हेही खरे. या लेखापुरती मी जुनी पद्धती ठेवली आहे, ती जुन्याच्या हट्टाने नव्हे, तर विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून.

६. दोन ‘व’ एकत्र आले तर

आता मूळ प्रश्न. हे दोन ‘अव’ एकाच क्रियापदात आले तर?

आजीला आता जाते फिरववत नाही.
मुलीला इतक्या दूर पाठववत नाही.
ही बातमी आईला कळववेना.

ही रूपे बोलण्यात फार येत नाहीत; दोन ‘व’ जवळजवळ आले की जीभ अडखळते आणि आपण ‘फिरविता येत नाही’ म्हणून सुटका करून घेतो. पण ती चुकीची नाहीत, आणि ऐकणाऱ्याला अर्थ लगेच कळतो. शेवटचा शब्द फोडून पाहा : ‘कळ’ हा धातू, ‘अव’ प्रयोजक, म्हणून ‘कळविणे’, पुढचा ‘व’ शक्यतेचा, त्यापुढचा ‘ए’ आख्याताचा, आणि शेवटी ‘ना’ नकाराचा. पाच भाग आणि एक शब्द. ग्रीनलंडच्या माणसाने हा शब्द पाहिला तर तो आपल्याला ओळखीचे हसेल.

आता रांग पाहा. दोन्ही प्रत्ययांचे रूप एकच असताना पहिला कोणता आणि दुसरा कोणता हे आपण कशावरून ठरविले? उलट करून पाहू. पहिला ‘व’ शक्यतेचा आणि दुसरा प्रयोजकाचा धरला, तर ‘चालवविणे’ याचा अर्थ ‘चालण्याचे बळ आणून देणे’ असा व्हायला हवा. ‘या औषधाने आजीला चालवविले’ असे कोणी म्हणते काय? नाही. आपण म्हणतो, ‘या औषधाने आजी चालू लागली’ किंवा ‘आजीला चालते केले’. यावरून नियम असा दिसतो की मराठीत प्रयोजक प्रत्यय धातूला चिकटून असतो आणि शक्यतेचा त्याच्या बाहेर. शक्यतेचा प्रत्यय लागला की धातूचे दार बंद होते. त्यानंतर फक्त काळ, पुरुष, वचन आणि नकार यांनाच प्रवेश.

संस्कृतात हे दार एवढे घट्ट नव्हते. पाणिनीने असा नियम केला की सन् इत्यादी प्रत्यय ज्यांच्या शेवटी आहेत, त्यांनाही धातूच समजावे. याचा अर्थ, प्रत्यय लागून तयार झालेले रूप पुन्हा धातू होते आणि नवा प्रत्यय घ्यायला मोकळे होते. म्हणून ‘कृ’ धातूपासून ‘चिकीर्षति’, करण्याची इच्छा करतो, ‘कारयति’, करवितो, आणि दोन्ही मिळून दोन रूपे शक्य होतात. ‘चिकारयिषति’, म्हणजे करविण्याची इच्छा करतो. आणि ‘चिकीर्षयति’, म्हणजे करण्याची इच्छा उत्पन्न करतो. प्रत्यय तेच दोन, रांग उलटी, आणि अर्थात जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात मालक बोलतो, दुसऱ्यात शिक्षक.

७. मराठीने ही सोय कोठे ठेवली?

मग मराठीने हे सामर्थ्य गमावले काय? मला तसे वाटत नाही. मराठीने ते प्रत्ययांतून काढून जोडक्रियापदांत ठेवले. पुढील दोन वाक्ये पाहावी.

मुलीला शिकू द्यायला सांग.
मुलीला शिकायला सांगू दे.

शिकणे, देणे, सांगणे, ही तीन क्रियापदे दोन्हींत आहेत. पहिल्यात मुलीला शिकायचे आहे आणि घरातल्या कोणीतरी अडविले आहे. त्या अडविणाऱ्याला समजाविण्याची विनंती आहे. दुसऱ्यात मुलीला शिकण्याची तेवढी ओढ नाही. कोणीतरी तिला सांगू पाहत आहे, आणि त्या सांगणाऱ्याला अडवू नको अशी विनंती आहे. शब्द तेच, रांग बदलली आणि अडथळा एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला.

नकाराचेही तसेच आहे. ‘डॉक्टरांनी चालायला सांगितले नाही’ आणि ‘डॉक्टरांनी न चालायला सांगितले’. पहिल्यात डॉक्टर त्या बाबतीत काही बोललेच नाहीत; दुसऱ्यात त्यांनी मनाई केली. निरोप पोहोचविणाऱ्याने येथे गफलत केली तर रोग्याच्या पायावर येते.

म्हणजे नियम अखेर तोच ठरतो, जो ग्रीनलंडच्या भाषेतही दिसतो : जो घटक बाहेर, तो आतल्या सगळ्याला कवेत घेतो. फरक इतकाच की त्यांची रांग एका शब्दात मावते आणि आपली दोन-तीन शब्दांत पसरते. आपल्याच जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडे गेलो तर अहिराणीत ‘काय करी राह्यना?’ ऐकू येते. तेथेही मुख्य धातूपुढे दुसरे क्रियापद उभे राहून चालू क्रियेचा अर्थ देते. प्रमाणभाषा असो की बोली, रांगेची शिस्त सगळीकडे आहे.

८. उपसंहार

दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ १९११ साली आला. या दोघांनी आणि त्यांच्यानंतरच्या वैयाकरणांनी या प्रत्ययांची नावे ठरविली, त्यांची वर्गवारी केली. ते काम झाले म्हणून आपल्याला पुढचे प्रश्न विचारता येतात. माझी सहाध्यायी मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती आहे की व्याकरण केवळ परीक्षेपुरते न ठेवता आपल्या घरी, शेतात, बसस्थानकावर, कचेरीत कानावर पडणारी क्रियापदे टिपून ठेवावीत. आपल्या गावात ‘फिरववत नाही’ म्हणतात का? म्हणत नसतील तर त्याऐवजी काय म्हणतात? ‘बांधविले’ कोणत्या पिढीपर्यंत ऐकू येते? पेठ-सुरगाण्याकडच्या आणि कळवण-सटाण्याकडच्या मुलांनी आपापल्या बोलीतील रूपे लिहून आणली, तर आपल्या विभागाच्या एका वहीत फार मोलाची सामग्री जमेल. तिला खर्च काही नाही. लागतो तो फक्त कान.

आणि लिहिताना एक पथ्य पाळावे. वाक्य आटोपशीर करण्यासाठी प्रत्यय किंवा सहायक क्रियापद गाळण्यापूर्वी, त्याच्याबरोबर कोणी माणूस तर वाक्याबाहेर जात नाही ना, एवढे पाहावे. ‘केले’ आणि ‘करविले’, ‘करवून घेतले’ आणि ‘करू दिले नाही’ यांत अंतर एक-दोन अक्षरांचेच असते. पण काम कोणी केले, कोणाच्या सांगण्यावरून केले आणि कोणाला करू दिले नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एक-दोन अक्षरांतच असतात.